पांढरी पूड

सांगवी, ता. बारामती

चि. भाचेराव यास,


तू पाठवलेले फोटो मामीचा चष्मा लावून पाहिले, माझा परवा मीच त्यावर बसून मोडला. राजदूत मोटारसायकलच्या इंजिनच्या झाकणावर बुरशी आलीय म्हणतोस. अरे, ती पांढरी पूड म्हणजे झाकणच आहे, कुजून सुटलेलं. लोखंडाचा गंज तांबडा, म्हणून लगेच ओळखू येतो. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पांढरा, म्हणून धूळ वाटते आणि माणूस फडकं मारून मोकळा होतो.

आप्पांनी दूध घालणं सोडलं तेव्हापासून गाडी गोठ्याच्या भिंतीला टेकून होती. खाली गुरांचं मूत, सीटवर उसाच्या खताची पोती. पोटॅशचं पोतं फाटून गळलेलं मला आठवतंय. त्यातलं क्लोराईड आणि मिठातलं क्लोराईड एकच. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं आपोआप एक पापुद्रा धरतो, डोळ्याला न दिसणारा. धातूचं सगळं रक्षण तेवढ्यावर चाललेलं असतं. ओल आणि क्षार एकत्र आले की त्याला टाचणीएवढी भोकं पडतात आणि कीड आत शिरते. कालव्याचं पाणी पाजून पाजून क्षारपड झालेल्या रानात पांढरं फुटतं ना, दिसायला तसंच. फरक एवढाच, की रानात मीठ वर येतं, इथं धातू बाहेर पडतो.

आता तुझा प्रश्न : संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतू का? नको. कॉस्टिकही नको. यावर बोलायचा हक्क मी किंमत मोजून मिळवलाय.

कारखान्यात फिटर म्हणून लागून मला दोनच वर्षं झाली होती. उसाचा रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून दगडासारखा थर धरतो. तो कॉस्टिक सोडा उकळून काढतात. नळ्या लख्ख होतात हे रोज बघत होतो. वाटलं, जे एवढा थर काढतं ते आप्पांच्या गाडीचं झाकण काय चकचकीत करेल! घरी बादलीत गरम द्रावण केलं आणि इंजिनचं झाकण त्यात सोडलं. पाणी खदखदायला लागलं, खाली जाळ नसताना. मी खूश. तो फेस हायड्रोजनचा होता हे पुढे कळलं. शेजारी कुणी विडी पेटवली असती तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो. बाहेर काढलं तेव्हा झाकण काळंठिक्कर, स्क्रूची भोकं ढिली आणि कड कुरतडल्यासारखी. लोखंडी नळी कॉस्टिकला जुमानत नाही, अ‍ॅल्युमिनियम मात्र त्यात विरघळतं. आणि कडक आम्लातही विरघळतं. दोन्हीकडून मार खाणारा धातू आहे तो. धुण्याच्या सोड्यात भिजवलेलं जर्मनचं पातेलं काळं पडतं ते मामीला ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

आप्पा एक शब्द बोलले नाहीत. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेले आणि दुसरं झाकण घेऊन आले. तुझ्या हातात आहे ते हेच. बाकीच्या इंजिनपेक्षा त्याचा रंग किंचित वेगळा का, हे तू विचारलं होतंस.

तर काम असं कर. आधी डिझेल आणि ब्रश, मग साबणाचं पाणी. तेल-चिखल निघाल्याशिवाय गंज किती खोल गेलाय ते कळतच नाही. पूड बांबूच्या चिपेनं खरवड, मग पितळी तारांचा ब्रश. लोखंडी तारेचा चोथा वापरू नको. त्याचे कण धातूत रुततात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच तांबूस ठिपके उठतात. पुढे पॉलिश पेपर, पाणी लावून : 320, 600, 800, 1200. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदल, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. कंटाळा 600 वर येतो. तिथं घाई केलीस की बफ मारल्यावर तेच ओरखडे चकाकून दिसतात. बफच्या चाकाला तुकडा खालच्या अंगाला धर. वरच्या कडेला अडकला तर हातातून हिसकून छातीवर येतो. शेवटी ब्रासो, आणि कोरडं करून मेण.

पॅकिंग बसतं त्या कडेला पेपर लावायचा नाही, तेल गळेल. हेडच्या फिन्स चमकवायच्या भानगडीत पडू नको, त्या ओतकामाच्या खरबरीतच शोभतात. आणि खड्डे राहतील. खड्डा पुरता जाईपर्यंत घासत बसलास तर झाकणाचा पत्रा होईल. बोटाला लागेनासा झाला की थांब. डोळ्याला दिसला तर दिसू दे. नव्या गाडीसारखी करायची हौस असेल तर नवी गाडी घे, हप्त्यावर मिळते.

स्टार स्क्रू निघत नाहीत ते जोर कमी पडतो म्हणून नाही. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ओलीत एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पूड आट्यांत फुगून बसते. रात्रभर तेल सोडून ठेव. सकाळी उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं भोकाभोवती धर. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, तेवढी फट पुरते. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि एकच सणसणीत घाव. बसवताना आट्यांना ग्रीस.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठवून ठेवू नको. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि ते हवेतली ओल ओढतं. वाटीत पुन्हा तशीच पांढरी पूड. इथेनॉल आपल्याच उसाचं असेल, म्हणून काही ते गाडीला सूट देत नाही.

मागच्या चाकाचा हब मी येईपर्यंत उघडू नको. आत लोखंडी लायनर आहे, त्याला ब्रासोचा हात लागला तर ब्रेक लागायचा नाही. जुन्या ब्रेकची धूळ फुंकूही नको, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. पालखी बारामतीहून सणसरला गेली की मी एसटीनं निघतो. डिझेल दोन लिटर आणून ठेव.

तुझा,
मामा