आय-सेव्हन की आय-फाइव्ह?

प्रश्न : मुलीच्या कॉलेजसाठी जुना लॅपटॉप घ्यायचा आहे. एकाच किमतीत इंटेलचे आय-सेव्हन ७५००यू आणि आय-फाइव्ह ८२५०यू मिळताहेत. दुकानदार आय-सेव्हनच घ्या म्हणतो. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आय-फाइव्ह घ्या. ७५००यूमध्ये दोनच कोअर आहेत, ८२५०यूमध्ये चार. ‘सेव्हन’ हा फक्त त्या पिढीतला दर्जा. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. दुकानात मात्र पहिलाच आकडा मोठ्याने सांगतात!

सुरक्षेचा मुद्दा याहून मोठा. वेगासाठी प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजाने आधीच पार पाडतो. अंदाज चुकला की काम रद्द होते, पण कॅशमध्ये खुणा उरतात आणि त्यांवरून पासवर्डसारखी गुप्त माहिती हुडकता येते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी याच जातीच्या. तुमच्या दोन्ही चिप त्यांच्या तडाख्यात येतात, म्हणून अपडेट मिळत राहणे अत्यावश्यक. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ८२५०यू आहे, ७५००यू नाही.

पैसे देण्याआधी बॅटरी तपासा आणि हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून मागा.