वर्ग आणि खूण

ग्रंथालयात एक पुस्तक एकाच जागी ठेवता येते. परंतु त्यातील विषय मात्र अनेक असू शकतात. ही अडचण ओळखून डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी विषयाची निरनिराळी अंगे जोडून वर्गांक बनविण्याची ‘कोलन वर्गीकरण’ पद्धती १९३३ साली प्रसिद्ध केली.

संगणकावर साठविलेल्या लिखाणातही हाच प्रश्न उभा राहतो. २००३ साली निघालेल्या वर्डप्रेस ह्या साधनात लेखांचे वर्ग व त्यांच्या पोटात उपवर्ग करता येतात. २००७ साली त्यात ‘टॅग’, म्हणजे खुणेच्या चिठ्ठ्या, यांची भर पडली. खुणांना अशी उतरंड नसते. एका लेखास त्या कितीही लावता येतात.

गिटहब हे संगणकाच्या आज्ञावली साठविण्याचे व अनेकांनी मिळून सुधारण्याचे साधन २००८ साली सर्वांस खुले झाले. तेथे दोष व सूचना यांच्या नोंदींवर रंगीत लेबले लावतात. काही लेबले तयार मिळतात, बाकीची आपण ठरवावयाची. तयार लेबलांपैकी एकाचा अर्थ ‘नवख्याने प्रथम हाती घेण्याजोगे काम’ असा आहे. ते कोठेच लावले नाही, तर शेकडो नोंदींपुढे नवखा विद्यार्थी गोंधळून माघारी फिरतो. विचार न करता लावले, तर तो अवघड कामात अडकतो.

तेव्हा वर्ग थोडे व स्थिर असावेत आणि खुणांचे शब्द आधीच ठरवून लिहून ठेवावेत. ‘दोष’, ‘चूक’ व ‘बिघाड’ अशा तीन खुणा एकाच अर्थाने वापरल्या, तर एकीवरून शोधणाऱ्यास उरलेल्या दोहोंखालील नोंदी सापडत नाहीत. म्हणून नवी खूण करण्यापूर्वी, तिच्या आधारे कोण काय शोधणार आहे, हे प्रथम पाहावे.