चौतीस लाल पदार्थ

मी बँकेत आहे, एकोणीस वर्षं लोकांचे आकडे तपासते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्याने त्याने मला ऐकवलं, "एवढी शिकलेली तू, तुला कळलं कसं नाही?"

लेकाच्या अंगावर दोन महिने रोज संध्याकाळी पित्त उठायचं. आमसूल चोळून झालं, गेरू लावून झाला. मग कुणीतरी त्या आहार सल्लागार बाईंचं नाव सुचवलं. एकदाच रक्त द्यायचं, 200 पदार्थांची ॲलर्जी कळते, 14 हजार रुपये. रिपोर्ट आला तो रंगीत. 34 पदार्थ लाल: गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे, तीळ, हळदसुद्धा. मी म्हटलं, "अहो, हे तर तो लहानपणापासून खातोय." बाई हसल्या. "रिपोर्ट खोटं बोलतो का, ताई?"

सात महिने पोळी बंद, वरणभात बंद. संक्रांतीला नऊ वर्षांच्या पोराच्या हातावर तिळगूळ ठेवला नाही. मित्राच्या वाढदिवसाचा केक तो डब्यातून घरी आणायचा, खाल्ला नाही हे मला दाखवायला. वजन अडीच किलोने उतरलं आणि पित्त उठायचं ते उठतच राहिलं. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "आजी लपून काहीतरी देत असणार." मी सासूबाईंना तसं विचारलंही. ते मी स्वतःला माफ करणार नाही. बाईंना तर नाहीच.

शेवटी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी फाइल उघडलीच नाही. "काय खाल्ल्यावर होतं? किती वेळात?" मी गप्प. तसं कधी काही जुळलंच नव्हतं. मग त्यांनी रिपोर्टच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: आयजीजी. "आता हिरव्यातले वाचा." मी वाचत गेले. बदक, ऑलिव्ह, ट्राउट मासा, क्रॅनबेरी. "यातलं काय शिजतं तुमच्याकडे?" काहीच नाही. आणि लाल म्हणजे आमचा रोजचा डबा! जे वारंवार पोटात जातं त्याची आयजीजी नावाची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) रक्तात सापडणारच. 14 हजार मोजून मी आमच्याच स्वयंपाकघराची यादी विकत घेतली होती.

युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच लिहून ठेवलंय, की आयजीजी4 (आयजीजीचाच एक प्रकार) तपासून अन्नाची ॲलर्जी ठरवू नका. हे मला सांगायचं कुणी?

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा, तपासणी आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं) आहे की आयजीजी. आयजीई असली तरी हुरळू नका. 0.35च्या वर आकडा गेला की बऱ्याच लॅब पॉझिटिव्ह छापतात, पण त्याचा अर्थ शरीराने तो पदार्थ हेरलाय एवढाच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. धुळीतल्या माइटची ॲलर्जी असलेल्याच्या रिपोर्टमध्ये कोळंबीही पॉझिटिव्ह येऊ शकते, दोघांतली प्रथिनं सारखी असल्यामुळे. म्हणून सरसकट पॅनेल नको, ज्याचा संशय आहे तेवढंच तपासा. संशयासाठी वही ठेवा: काय खाल्लं, किती वाजता, काय झालं. त्वचेवर टोचून करायची चाचणी असेल तर ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, तेही डॉक्टरांना विचारून. रक्ताच्या चाचणीला ती अडचण नाही. मुलांचं खाणं मनाने तोडू नका. आणि खाल्ल्यावर ओठ सुजले, श्वास लागला, तर वही-बिही ठेवा बाजूला, सरळ हॉस्पिटल गाठा. त्यानंतर तो पदार्थ घरी पुन्हा चाखवून बघायचा नाही.

लेकाच्या पित्ताचं कारण अन्न नव्हतंच. सहा आठवड्यांहून जास्त टिकणाऱ्या पित्तात बहुधा ते नसतंच, म्हणे. रोज एक गोळी, चार महिने, आणि थांबलं. आता तो दोन वाट्या वरण ओरपतो. सासूबाई मात्र माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात.