न विचारता केलेला उपकार

गणेशोत्सव सार्वजनिक करण्यात लोकमान्य टिळकांचा वाटा किती मोठा होता, हे आपण मुलांना दरवर्षी सांगतो. त्याच टिळकांना १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची शिक्षा झाली, त्यामागे पुण्यातला प्लेग होता, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते. त्या प्लेगने विचारलेला प्रश्न मला डॉक्टर म्हणून आजही महत्त्वाचा वाटतो. ज्याला अधिक कळते, त्याने दुसऱ्याच्या घरात कुठवर शिरावे?

इंग्रजांकडे आपल्यापाशी नसलेले ज्ञान होते, हे आधी मान्य करू. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच महिन्यात साथरोगांचा कायदा झाला (२०२० मध्ये कोविडच्या वेळी भारताने हाच कायदा पुन्हा बाहेर काढला!) आणि पुण्याच्या प्लेग समितीवर रँडसाहेब आले.

गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. देवघर, माजघर काही राहिले नाही. बायकांना चारचौघांत उभे करून तपासले जाई. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते, त्यामुळे तपासणीमागचे कारण वैद्यकीयच होते, पण त्या बाईला ते कोणी सांगितले होते? सामान जाळले, जमिनी उकरल्या, धडधाकट नातेवाइकांनाही छावणीत नेले. स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनीही जाहीर तक्रार केली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढे ‘केसरी’तील लिखाणावरून टिळकांवर खटला झाला.

गंमत अशी, की टिळकांचा रोग्याला वेगळे ठेवण्याला विरोध नव्हता. पुष्कळ पुढारी गाव सोडून गेले असता ते पुण्यात राहिले आणि त्यांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल काढले. सावित्रीबाई फुले तर रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. म्हणजे ‘अडाणी लोकांना आधुनिक उपचार नको होते’ हा साहेबाचा निष्कर्ष अर्धाच खरा. शिवाय साहेबाचे ज्ञानही अपुरे होते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले आणि तेही लगेच कोणाला पटले नाही. पिसवा मोकळ्याच राहिल्या आणि माणसे मात्र कोंडली गेली.

मग काय, ज्याचे त्याला जगू द्यावे? एका डॉक्टरला हे म्हणणे जड जाते. मूल न्युमोनियाने धापा टाकत असताना ‘ही त्यांची संस्कृती’ म्हणून बाजूला उभे राहणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत ते मूल देते.

म्हणून मला गडचिरोली महत्त्वाची वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परतले आणि १९८६ पासून तिथे काम करू लागले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. मोठ्या इमारतीत वाट चुकते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, आणि पांढरे कापड आम्ही मढ्यावर घालतो, ते नेसणारे जीव कसा वाचवणार? तेव्हा शोधग्रामचे रुग्णालय आदिवासी खेड्यासारखे, झोपड्यांचे बांधले गेले, नातेवाइकांच्या राहण्याची सोय झाली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

पण त्यांनी सगळेच मान डोलावून ऐकले असे नाही, हे मला विशेष वाटते. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. नवजात बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास कसा मोजावा, एवढेच नव्हे तर जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शनही कसे द्यावे, हे त्यांना शिकवले. आमच्या व्यवसायात अशा इंजेक्शनाच्या नुसत्या कल्पनेने भुवया उंचावतात. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. ‘लॅन्सेट’ने १९९९ साली हे छापले, आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा सेविकांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना स्वीकारली. इथे परंपरेला धक्का बसलाच. पण सुई गावातल्याच बाईच्या हातात होती, आणि ती चुकली असती तर दुसऱ्या दिवशी तिला त्याच विहिरीवर पाण्याला जायचे होते.

आपली सिंगापुरातली मुले शाळा-कॉलेजातर्फे कंबोडिया, व्हिएतनामच्या खेड्यांत सेवेसाठी जातात. भिंती रंगवतात, हात कसे धुवावेत ते शिकवतात. फोटो छान येतात. यंदा कोणी निघाले असेल तर त्याला एवढेच विचारून पाहा, की भिंत रंगवायला हवी हे कोणी ठरवले, आणि पुढच्या पावसात रंग उडाला तर गावकऱ्यांनी कोणाला हाक मारायची.