कवयित्री तोरू दत्त

ज्या कवितेत गोष्ट सांगण्यापेक्षा कवीच्या मनातील भावनेलाच प्राधान्य असते, तिला भावकविता म्हणतात. आनंद, विरह, आठवण, ओढ अशी कोणतीही भावना तिचा विषय होऊ शकते. मनातील भाव मातृभाषेत आपल्या ओठांवर सहज येतात. पण तेच परक्या भाषेत सांगावयाचे झाले, तर ते आपले राहतील काय? या प्रश्नाचे उत्तर बंगालमधील एका तरुण मुलीने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या कवितांतून दिले. तिचे नाव तोरू दत्त.

तोरूचा जन्म ४ मार्च १८५६ रोजी कलकत्त्यास झाला. त्या वेळी देशावर ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता. १८५८ साली तो इंग्लंडच्या राणीकडे गेला. तोरूचे वडील गोविंदचंद्र दत्त हे इंग्रजीचे व्यासंगी असून स्वतः त्या भाषेत कविता करीत. १८६२ साली या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तरीही आई क्षेत्रमणी हिच्या तोंडच्या पुराणकथा मुलांच्या मनात घर करून राहिल्या होत्या. थोरला भाऊ अब्जू, बहीण अरू आणि धाकटी तोरू अशी ही तीन भावंडे. त्यांना वडिलांकडून इंग्रजी काव्याची गोडी लागली आणि आईकडून सीता-सावित्रीच्या कथा मिळाल्या.

१८६५ साली अब्जू वारला. तेव्हा तोरू अवघी नऊ वर्षांची होती. १८६९ मध्ये गोविंदचंद्र पत्नीला व दोघी मुलींना घेऊन युरोपास गेले. फ्रान्समधील नीस या शहरी मुली काही महिने शाळेत गेल्या व फ्रेंच भाषेत रमल्या. पुढे लंडनला आणि केंब्रिजला त्यांचे शिक्षण झाले. १८७३ साली सर्वजण मायदेशी परतले. पण दुसऱ्याच वर्षी अरूला क्षयाने ओढून नेले. आता तिघांपैकी एकटी तोरू उरली.

दुःख मोठे होते, तरी तिने लेखणी खाली ठेवली नाही. १८७६ साली कलकत्त्याजवळील भवानीपूर येथे तिचे पहिले पुस्तक छापले गेले. त्यात फ्रेंच कवितांचे इंग्रजी अनुवाद होते. त्यांतील काही अरूने केलेले होते. पुस्तकाचे रूप अगदी साधे, त्याला प्रस्तावनासुद्धा नव्हती. त्याची एक प्रत लंडनच्या एका साप्ताहिकाच्या कचेरीत पोचली. संपादकाने ती एडमंड गॉस या तरुण समीक्षकाच्या हाती ठेवली. गॉसने ती फारशी अपेक्षा न ठेवता उघडली आणि वाचता वाचता तो थक्क झाला.

याच काळात तोरू वडिलांसह संस्कृत शिकू लागली होती. आईने सांगितलेल्या कथा आता ती मूळ ग्रंथांत वाचू लागली. सावित्री, ध्रुव, प्रल्हाद, एकलव्य, श्रावण यांच्यावर तिने इंग्रजीत कविता रचल्या. युरोपातील काव्यात गुलाब आणि लिली या फुलांचा मोठा मान. तोरूने आपल्या एका कवितेत या दोन फुलांचा श्रेष्ठत्वासाठी वाद लावला आणि शेवटी राणीपद दिले ते कमळाला! छंद इंग्रजी, पण फूल मात्र आपल्या तळ्यातले.

'सीता' या कवितेत काळोख्या खोलीत बसलेली तीन मुले आहेत. आई सीतेच्या वनवासाचे जुने गीत गात आहे आणि मुलांचे डोळे भरून आले आहेत. ही तीन मुले कोण, हे आता तुम्हांस सांगावयास नको. ती पुन्हा आईजवळ कधी जमतील, असा प्रश्न कवितेच्या अखेरीस येतो.

तिची सर्वांत प्रसिद्ध कविता घराच्या बागेतील सुरूच्या झाडावर आहे. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बने तुम्ही पाहिली असतील. तोरूच्या त्या उंच झाडाला अजगरासारखी वेल विळखा घालून होती. त्याच्या शेंड्यावर वानर बसे, फांद्यांत पाखरे गात. परंतु झाड भव्य आहे म्हणून ते तिला प्रिय नव्हते. त्याच्या सावलीत ती आपल्या भावंडांबरोबर खेळली होती. झाडाची सळसळ तिला दूरच्या परदेशी समुद्रतीरावरही ऐकू येई. हे झाड विस्मृतीत जाऊ नये, अशी तिची इच्छा होती.

३० ऑगस्ट १८७७ रोजी तोरूही क्षयाने गेली. तिचे वय होते अवघे एकवीस वर्षे. पुराणकथांवरील कविता आणि सुरूच्या झाडाची कविता ज्या संग्रहात आहेत, तो १८८२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिली एडमंड गॉसने. संग्रह निघाला तेव्हा त्या तीन भावंडांपैकी एकही हयात नव्हते.

तोरूने राज्यकर्त्यांची भाषा मनापासून आत्मसात केली. परंतु त्या भाषेत तिने आईचा आवाज, बागेतले झाड आणि हरवलेली भावंडे यांच्याविषयी लिहिले. म्हणून तिची कविता आपलीच वाटते. तुम्हीही पुढे अनेक भाषा शिकाल. त्या शिकताना आपल्या अंगणातले झाड विसरू नका.

स्वाध्याय

१. भावकविता कशास म्हणतात?

२. तोरूला वडिलांकडून काय मिळाले व आईकडून काय मिळाले?

३. सुरूचे झाड तोरूला प्रिय का होते?

४. तुमच्या घराजवळील किंवा शाळेजवळील एखाद्या झाडाशी जोडलेली आठवण दहा ओळींत लिहा.