दाढा येत आहेत, मूल जेवत नाही

मुलाला पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांच्या दरम्यान येतात, मग सुळे, आणि मागच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांच्या सुमारास. पुढच्या दातांपेक्षा दाढ रुंद असल्याने हिरडीवर ताणही अधिक पडतो. दात दिसण्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवस धरून हा त्रास आठवडाभराचा असतो. मात्र या आठवड्यात सुरू झालेली भरवण्याची ओढाताण पुढे कित्येक महिने टिकू शकते. म्हणून आपण पुढील क्रमाने जावे.

१. आधी तोंड पाहावे. हात धुऊन, चांगल्या उजेडात. हिरडी सुजलेली, लालसर असेल आणि लाळ गळत असेल तर कारण बहुधा दातच. फोड किंवा न पुसले जाणारे पांढरे चट्टे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दातांमुळे येत नाही. ‘दात येताना जुलाब व्हायचेच’ असे घरोघरी सांगतात, तेही खरे नाही. या वयात मूल हाताला लागेल ते तोंडात घालते आणि जंतू पोटात जातात. जुलाब होत असतील तर ओआरएस सुरू करून डॉक्टरांकडे जावे, दाताची वाट पाहत थांबू नये.

२. जेवणाआधी हिरडीला आराम द्यावा. स्वच्छ ओले फडके फ्रीजमध्ये गार करून दहा मिनिटे चावायला द्यावे, किंवा धुतलेल्या बोटाने हिरडी हलकेच चोळावी. बर्फासारखी गोठलेली वस्तू देऊ नये, हिरडीला इजा होते. हिरडी बधिर करणारी, बेंझोकेन असलेली जेल दोन वर्षांखालील मुलांना अजिबात लावू नयेत. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे. दुखण्याने झोपही लागत नसेल तर पॅरासिटामॉल देता येते. पण मात्रा वजनानुसार ठरते आणि सिरप वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात. त्यामुळे डॉक्टरांना विचारून, बाटलीवरचे लेबल वाचून, सोबतच्या मापानेच द्यावे.

३. ताट बदलावे. गरम, आंबट, खारट आणि तिखट काही दिवस बाजूला ठेवावे. टोमॅटोचे सारही झोंबते. दहीभात, निववलेली मऊ खिचडी, कुस्करलेले केळे, नाचणीची खीर बरी पडते. घास कमी जाणार हे गृहीत धरून खिचडीत चमचाभर तूप जास्त घालावे. चमचा हिरडीला टोचत असेल तर हाताने भरवावे. काही मुलांना उलट चावायलाच हवे असते. त्यांना मऊ पोळीची सुरळी किंवा बोटाने सहज चेपेल इतके वाफवलेले गाजर द्यावे. कच्चे गाजर, शेंगदाणे, अख्खी द्राक्षे घशात अडकतात. खाताना मूल बसलेले असावे आणि आपण समोर.

४. वेळ ठरवावी, घास मोजू नयेत. तीन जेवणे, मध्ये दोन वेळा खाऊ, प्रत्येक वेळी २० ते ३० मिनिटे. नंतर न रागावता ताट उचलावे. काय, केव्हा आणि कुठे द्यायचे हे आईवडिलांनी ठरवावे आणि किती खायचे हे मुलाने, ही विभागणी एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांची. आपल्याकडे आजीला ती पटवणे सर्वांत अवघड! त्यांना एक हिशेब दाखवावा: पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मावेळच्या तिपटीपर्यंत जाते, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढते. म्हणजे दात येत नसतानाही भूक मंदावणारच. मान धरून कोंबलेला किंवा मोबाइल दाखवून नकळत घातलेला घास पोटात जातो खरा, पण भूक ओळखण्याची मुलाची सवय मोडतो. चिऊकाऊची गोष्ट चालेल.

५. दुधाने पोट भरू देऊ नये. वर्षानंतर वरचे दूध दिवसाला सुमारे अर्धा लिटर पुरे. त्याहून जास्त झाले की जेवण मागे पडते आणि शरीराला लोहही कमी मिळते. बिस्किटांचेही तसेच. अंगावरचे दूध मात्र सुरू ठेवावे.

६. वजन रोज करू नये. महिन्यातून एकदा अंगणवाडीत किंवा दवाखान्यात करून कार्डावरच्या आलेखात नोंदवावे. मूल पाणीही घेत नसेल, सहा ते आठ तास लघवी झाली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल किंवा ते मलूल पडून राहत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. नवी दाढ दिसू लागली, आठवडा उलटला आणि तरीही जेवण पूर्वपदावर आले नाही, तर दातांना दोष देणे थांबवून तपासणी करून घ्यावी.