घरून बारावी करणाऱ्या लेकीचे जीवशास्त्राचे प्रयोग

ताईंनो, कॉलेज लांब, एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून काही मुली घरीच राहून एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून बारावी करतात. पुस्तक घरी वाचता येतं. पण जीवशास्त्राला प्रात्यक्षिक परीक्षाही असते. आधी अभ्यास केंद्रातून प्रयोगांची यादी आणा. मग तिचे तीन भाग करा.

१. घरी जमणारे : बटाट्याच्या सारख्या लांबीच्या दोन फोडी करा. एक साध्या पाण्यात, दुसरी दाट मिठाच्या पाण्यात ठेवा. तीन तासांनी पाहा. साध्या पाण्यातली ताठ होते, मिठातली मऊ पडते. कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच हे. पुस्तकात याला ‘परासरण’ म्हणतात.

२. सूक्ष्मदर्शक लागणारे : कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. जवळच्या हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांना भेटा. गटाच्या नावाने अर्ज द्या, दोन-तीन मुली मिळून जाऊ द्या.

३. घरी नकोतच असे : पानाचा हिरवा रंग काढायला स्पिरिट तापवावं लागतं. ते चटकन पेट घेतं. हा प्रयोग केंद्रावर, शिक्षकांसमोरच.

प्रयोग मुलीने स्वतःच्या हाताने करावा. वही आपल्या गटाच्या रजिस्टरसारखी ठेवावी : तारीख, काय केलं, काय दिसलं. आणि तिला एक जरूर विचारा, “एक फोड साध्या पाण्यात का ठेवलीस?” “दोन्हींतला फरक मिठामुळेच पडला, हे कळावं म्हणून,” असं ती म्हणाली, तर प्रयोग तिला समजला.